घाटावर, घाटाखाली : आपल्या जिल्ह्यात रोज ये-जा करताना

दर जून महिन्यात दहावी पास झालेल्या मुलामुलींचे वालिदैन आमच्याकडे येतात. मुलगी हुशार आहे, 80 टक्के मार्क आहेत, सायन्स घ्यायचं की आर्ट्स, असं बोलणं सुरू होतं. चहा संपेपर्यंत खरा प्रश्न बाहेर येतो. "सर, सब ठीक है, पर जाएगी कैसे?" अकरावीची उर्दू तुकडी गावात नसते, ती तालुक्याला असते. गाव ते तालुका 12 किंवा 18 किलोमीटर. सकाळची गाडी कधी येते, कधी येत नाही. कॉलेज सुटल्यावर परतीच्या गाडीला दोन तास. या दोन तासांपायी आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुली दहावीवर थांबल्या, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आम्ही आमच्या हजेरीपत्रकात तेवढा पाहतो, आणि तो कमी नाही.

आम्ही स्वतः अठरा-एकोणीस वर्षांपासून ये-जा करणारे. मलकापूर–बुलडाणा मार्गावरच्या एका गावात नोकरी. एस.टी., काळी-पिवळी, रेल्वे, मोटारसायकल, ट्रकच्या केबिनमध्ये क्लीनरच्या जागेवर, सगळं करून झालं. त्या अनुभवातून आणि थोडं कायद्याचं वाचून हे लिहितो आहोत.

आधी जिल्ह्याचा नकाशा समजून घ्यावा लागतो, कारण इथल्या प्रवासाचा सगळा त्रास त्या नकाशात आहे. आपण सहज बोलतो, "तो घाटावरचा" किंवा "ती घाटाखालची". हा नुसता बोलण्याचा प्रकार नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे तालुके खाली पूर्णेच्या खोऱ्यात. खामगाव आणि मोताळा घाटाच्या पायथ्याला टेकलेले. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा वर पठारावर. मुंबई–नागपूर रेल्वे खालून जाते. सुरतहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53, जो जुन्या माणसांच्या तोंडी अजून "सहा नंबर" आहे, तोही खालूनच. जिल्ह्याचं ठिकाण मात्र वर, आणि तिथे रेल्वे नाही. कलेक्टर कचेरी, जिल्हा न्यायालय, जिल्हा परिषद, आर.टी.ओ. सगळं वर. म्हणजे संग्रामपूरच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी आधी सपाटीवरून यायचं, मग राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट चढायचा. एका कागदासाठी अख्खा दिवस जातो, आणि तो कागद दुसऱ्या दिवशी मिळतो.

इंग्रजांनी रेल्वे कापसासाठी आणली. खामगाव तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ, म्हणून जलंब ते खामगाव हा तेरा-एक किलोमीटरचा फाटा 1870 मध्येच सुरू झाला. माणसांच्या ये-जा करण्याचा विचार त्यात फारसा नव्हता, आणि पुढेही कुणी केला नाही. खामगावहून चिखली, देऊळगाव राजामार्गे जालन्यापर्यंत रेल्वे न्यावी ही मागणी आमच्या आजोबांच्या काळापासून ऐकतो आहोत. दर निवडणुकीत ती रेल्वे एकदा येऊन जाते.

ज्यांचं गाव रेल्वेच्या पट्ट्यात आहे त्यांनी रेल्वेचा पास काढावा, हे आम्ही आवर्जून सांगतो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, पुढे अकोला, मागे भुसावळ. या पट्ट्यात रोज जाणाऱ्याला मासिक पास एस.टी.पेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. हा पास 150 किलोमीटरपर्यंतच निघतो आणि तो घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. अडचण वेळेची आहे. लांब पल्ल्याची गाडी आली की पॅसेंजर बाजूला उभी राहते. शाळेची घंटा दहाची असेल तर साडेनऊला पोहोचणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवू नये; तिच्या आधीची धरावी.

बाकी सगळ्यांना लालपरी. एस.टी.च्या सवलती आपल्या लोकांना अर्ध्याच माहीत असतात, म्हणून जरा थांबून सांगतो. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ हवं. आमच्या गाडीत आजही एखादी अम्मा पूर्ण पैसे काढून हातात धरून बसलेली असते आणि कंडक्टरच तिला अर्धे परत देतो. एक बारीक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. आपल्या भागात बुऱ्हाणपूरकडे सोयरीक पुष्कळ. लग्नाला, मयतीला जाणं होतंच. तिथे जाताना हद्दीपुढचं भाडं पूर्ण लागतं. त्यावरून कंडक्टरशी वाद घालू नये, बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

विद्यार्थ्यांना पासासाठी तिकिटाच्या एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात. आणि गावाहून बारावीपर्यंत शिकायला जाणाऱ्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत पास पूर्ण मोफत आहे. त्यासाठी शाळा-कॉलेजचा दाखला लागतो. हे 100 टक्के मोफत आहे, हे सांगितल्यावर समोरच्या बापाचा चेहरा बदलतो, असं आम्ही अनेकदा पाहिलं. पैशाचा प्रश्न नव्हताच, असं तो नंतर म्हणतो. पण चेहरा बदलतो हे खरं.

पास मोफत आहे, गाडीच येत नाही, त्याचं काय? याचं उत्तर आम्ही शेवटी देऊ.

2021 च्या ऑक्टोबर अखेरीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा जो लांबलेला संप झाला, त्याने आपल्या जिल्ह्यातल्या प्रवासाची सवय बदलून टाकली. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होत्या, त्या उघडल्या तर गाडी नाही. त्या काळात काळी-पिवळी आणि मॅजिकवाल्यांनी गावं सांभाळली, त्यांचे उपकार विसरू नयेत. पण ज्या घरात तोवर मोटारसायकल नव्हती, त्यांनी कर्ज काढून घेतली. चालवणार कोण? बाप सौदीला किंवा पुण्याच्या बेकरीत. मग चालवणार पंधरा वर्षांचा पोरगा, मागे बहीण, तिच्या मागे शेजारची मुलगी. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, पण पोराच्या हातातली चावी कुणी परत घेतली नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याचं याच्यात पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. नववीत होता. बहिणीला कॉलेजला सोडून परत येताना समोरून म्हैस आली, त्याने सायकलवाल्या म्हाताऱ्याला धडक दिली आणि स्वतः खड्ड्यात गेला. म्हातारा दोन महिने खाटेवर. पोराच्या अब्बांनी पोलिसात जाऊच नये म्हणून पायपीट केली, आपसात मिटवलं, त्यात शेताचा तुकडा गेला. पोरगा आज चालतो, थोडा लंगडतो. तो प्रसंग झाल्यावर आम्ही मोटार वाहन कायदा नीट वाचला. आधी वाचला असता तर बरं झालं असतं.

कायदा असा आहे. गिअरची गाडी 18 वर्षांशिवाय नाही. 16 व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. घरोघरी असलेल्या स्कूटी 100-110 सीसीच्या, म्हणजे त्या यात बसत नाहीत. "गिअर नाही, चालतं" हा गैरसमज आहे. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर कलम 199-अ प्रमाणे गाडीचा मालक किंवा पालक दोषी धरला जातो. 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. समोरच्या जखमीला विमा कंपनीने पैसे दिले तरी ती ते मालकाकडून वसूल करू शकते. शेताचा तुकडा तिथेही जाऊ शकतो. 18 पूर्ण झालेल्या मुलाने शिकाऊ लायसन्ससाठी बुलडाण्याला चकरा मारायची गरज आता नाही. आधार असेल तर परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. पक्क्या लायसन्ससाठी मात्र गाडी चालवून दाखवावी लागते, आणि लागायलाच हवी.

एक गणित आम्ही वर्गात दरवर्षी घालतो. गाव ते तालुका 12 किलोमीटर. ताशी 60 च्या वेगाने किती वेळ? 12 मिनिटं. ताशी 40 ने? 18 मिनिटं. वाचली किती? सहा. मग दुसरा भाग. 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण पावणेसतरा मीटर जाते. समोर म्हैस दिसली, डोक्यात आलं, पाय ब्रेककडे गेला, यात एक सेकंद तरी जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच आपण वर्गाच्या लांबीच्या दुप्पट पुढे गेलेलो असतो. 40 च्या वेगात तेच अंतर अकरा मीटर. मुलं हसतात, पण मैदानावर चुन्याने रेघा मारून दाखवल्या की गप्प होतात.

रमजानमध्ये हे गणित आम्ही मोठ्यांनाही सांगतो. मगरिबच्या आधीचा अर्धा तास आपल्या शहरांत सगळ्यात वाईट. खजूर, भजी, बर्फ घेऊन प्रत्येकजण घराकडे सुटलेला, पोटात सकाळपासून काही नाही, डोळ्यावर मावळतीचा सूर्य. सहा मिनिटांनी रोजा उघडला तर रोजा जात नाही. खिशात दोन खजुरा ठेवाव्यात, अजान झाली तर गाडी बाजूला घ्यावी, तिथेच इफ्तार करावा, मग निघावं. आमचे एक बुजुर्ग सहकारी अशी वीस वर्षं राजूर घाटाच्या वळणावर इफ्तार करत आले. माकडांनाही त्यांची वेळ पाठ झाली होती.

बायकांच्या प्रवासाबद्दल एक गोष्ट कुणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो. बुरखा, ओढणी, साडीचा पदर मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात. गाडी वेगात नसली तरी बाई मागे ओढली जाते आणि डोकं रस्त्यावर आपटतं. मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला जी जाळी असते, साडीगार्ड, ती कंपनी हौसेने लावत नाही. मागचं चाक निम्मं तरी झाकलं पाहिजे, मागच्या माणसाला धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा पाहिजे, असा नियमच आहे. आपली पोरं नवी गाडी आली की पहिलं काम काय करतात? जाळी काढून टाकतात, स्टाइलमध्ये बसत नाही म्हणून. ज्या घरात आई-बहीण मागे बसते त्या घरात ती जाळी आजच परत बसवून घ्यावी, कोणत्याही गॅरेजवर काही शे रुपयांत होते. बसताना बुरख्याचा घेर मांडीखाली दाबून घ्यायचा. आणि हेल्मेट मागच्यालाही लागतं. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. स्कार्फवर हेल्मेट बसत नाही अशी तक्रार येते. पिन काढून स्कार्फ सपाट बांधला की बसतं, आमच्या घरात बसतं.

आता शहरांच्या आत. बुलडाण्यात संगम चौक, जयस्तंभ चौक, कारंजा चौक एवढ्याच पट्ट्यात सगळं बाजारपेठेचं काम, आणि एस.टी. स्टँडही जवळच. गाव वाढलं चिखली रोडकडे, धाडच्या दिशेने, पण काम सगळं जुन्याच चौकांत. म्हणून दुपारी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात ते अंतर गाडीपेक्षा पायी लवकर होतं, यात अतिशयोक्ती नाही. बाहेरगावच्या माणसाने स्टँडजवळ गाडी लावून पायी काम करावं. खामगावात, मलकापुरात आठवडी बाजाराचा दिवस विचारून घ्यावा आणि शक्य असेल तर टाळावा. शेगावला गुरुवारी आणि एकादशीला गजानन महाराजांच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा ऑटो मिळायला वेळ धरून निघावं. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला लाखोंनी लोक येतात. जादा गाड्या तिकडे लागतात, म्हणून त्या आठवड्यात गावाकडच्या फेऱ्या कमी होतात. परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, या आठवड्यात नेहमीच्या गाडीची वाट पाहू नका, आदल्या दिवशी स्टँडवर कंट्रोलरला विचारा.

आणि जुम्मा. दुसऱ्यांना सांगताना आपल्या दाराशीही पाहावं. दीड वाजता मस्जिदीसमोर दोन्ही बाजूंना तिरप्या लावलेल्या गाड्या, मध्ये एक ऑटो जाईल एवढी फट. त्या फटीतून ॲम्ब्युलन्स जात नाही. रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणं हा इमानचाच भाग आहे, हे आपण मदरशात पहिल्या वर्षी शिकतो. काही मोहल्ल्यांत तरुण पोरं आता जुम्म्याला शिट्टी घेऊन उभी राहतात आणि गाड्या एका बाजूला सरळ लावून घेतात. वीस मिनिटांचं काम. नमाजनंतर पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

महामार्गावर दुचाकी घालताना एक मोह होतो. दुभाजकातली फट लांब असते, म्हणून माणूस उलट्या बाजूने अर्धा किलोमीटर जातो. "इत्तासाच तो है." समोरून येणारा ट्रेलर त्या बाजूने कुणी येईल अशी अपेक्षाच करत नाही. यात चूक फक्त आपली आहे असं आम्ही म्हणणार नाही. चौपदरी करताना गावकऱ्यांना पलीकडे जायला जागाच ठेवली नाही, असं बऱ्याच गावांत झालं आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीने ठराव करून भांडावं. पण भांडण मिटेपर्यंत लांबच्या फटीतून वळून यावं. पेट्रोल दहा रुपयांचं.

रात्रीचा प्रवास तर शक्य तेवढा टाळावाच. सोयाबीन निघालं की शेतकरी ते डांबरी रस्त्यावर वाळत घालतात, कडेला दगड मांडतात, आणि सोयाबीन उचलल्यावर दगड तिथेच राहतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा तर सोडाच, रेडियमची पट्टीही नसते. बोथ्याच्या जंगलात, ज्ञानगंगा अभयारण्यातून जाताना रोही आणि रानडुक्कर कधी आडवे येतील सांगता येत नाही. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ किती रस्ते, किती शेतं ओलांडत याच ज्ञानगंगेत येऊन पोहोचला होता, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून ते सगळं नोंदलं गेलं. तो सुखरूप आला, कारण बहुतेक तो रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे पाहत असावा.

समृद्धी महामार्गाचं वेगळं. 701 किलोमीटरचा हा रस्ता आपल्या मेहकर, सिंदखेड राजा भागातून जातो; नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. दुचाकीला आणि ऑटोला तिथे बंदी आहे. सपाटीवर वेगमर्यादा 120. रस्ता सरळ, वळण नाही, गाव नाही, चहाचं दुकान नाही. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. ती रात्र जिल्हा विसरलेला नाही. पुण्या-मुंबईला शिकायला, कामाला जाणारी आपली पोरं याच गाड्यांनी जातात. त्यांना आम्ही एकच सांगतो : सीटवर बसल्याबरोबर मोबाइल काढू नका, आधी आपत्कालीन दार कुठे आहे, काच फोडायचा हातोडा आहे का, हे पाहा. दार सामानाने अडवलेलं असेल तर गाडी सुटायच्या आधी बोला. स्वतःची कार असेल तर निघण्यापूर्वी टायरची हवा तपासा, जुना टायर घेऊन त्या काँक्रीटवर उन्हात जाऊ नका, आणि दर दीड-दोन तासांनी थांबा.

अपघात झालाच तर? 108 ॲम्ब्युलन्स, 112 पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर 1033. जखमीला उचलणाऱ्या माणसाला पोलीस नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, कायद्यात कलम 134-अ त्यासाठीच आहे. "लफड़े में कौन पड़े" म्हणून बाजूने निघून जायचं कारण आता उरलेलं नाही. 5 मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. आपसात मिटवण्याच्या घाईत हा हक्क जातो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तरी मयताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला 50,000 रुपये भरपाई मिळू शकते. अर्ज तहसील-उपविभागीय कार्यालयात करायचा असतो.

आता त्या न येणाऱ्या गाडीबद्दल. चार वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या नऊ मुली अकरावीला तालुक्याला जात होत्या. सकाळची गाडी सात-दहाला यायची, कॉलेज सात वाजता भरायचं. पहिला तास रोज बुडायचा, तो केमिस्ट्रीचा. दोन मुलींनी दिवाळीनंतर नाव काढलं. तेव्हा आम्ही काय केलं, तर आधी नुसतं तोंडी सांगितलं. ज्याला सांगितलं त्याने "बघतो" म्हटलं. दोन महिने गेले. मग एका जुन्या कंडक्टरने आम्हाला रस्ता दाखवला : तोंडी काही होत नाही, आकडा द्या. आम्ही मुलींच्या पासांचे नंबर एका कागदावर लिहिले. शेजारच्या दोन गावांतून त्याच वेळी जाणाऱ्या मुलांची नावं मिळवली, त्यात मराठी शाळेची मुलंही होती, ती तर आमच्यापेक्षा जास्त. कॉलेजच्या प्राचार्यांकडून वर्ग भरण्याच्या वेळेचं पत्र घेतलं. तिन्ही ग्रामपंचायतींचे ठराव जोडले. हे सगळं आगार व्यवस्थापकांच्या नावे दिलं, पोच घेतली, एक प्रत विभाग नियंत्रकांना बुलडाण्याला पाठवली. 41 विद्यार्थी, तीन गावं, एक फेरी.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. जादा गाडी मिळाली नाही. आहे ती मुक्कामी गाडी दुसऱ्या गावाऐवजी आमच्या शेवटच्या गावी मुक्काम करू लागली, आणि सकाळी सव्वासहाला निघू लागली. ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची सोय ग्रामपंचायतीच्या खोलीत केली. खाट मस्जिदीतून आली, गादी मंदिराच्या धर्मशाळेतून. नाव काढलेल्या दोघींपैकी एक पुढच्या जूनमध्ये परत दाखल झाली. दुसरीचा निकाह तोवर झाला होता.

अर्जाचा तो नमुना आमच्याकडे आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी आपल्या गावच्या शाळेतल्या गुरुजींकडून तसाच लिहून घ्यावा. मुलांचे पास नंबर, कॉलेजची वेळ आणि ठराव, एवढ्या तीन गोष्टी जोडायला विसरू नये. वेळापत्रक शाळा भरण्याच्या सुमारास बदलतं, म्हणून अर्ज मे महिन्यातच द्यावा.